तात्यांची वरची दाढ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. भाता तात्यांची सनई भैरोबाच्या कोपानं बंद पडली असं त्यांचं गाव मानतं, आणि तात्या स्वतः शेवटपर्यंत तसंच मानत होते. ते खरं नाही. ती माझ्यामुळं बंद पडली, आणि ज्या दिवशी बंद पडली त्या दिवसापासून मला ते माहीत होतं.

ज्यांनी तात्यांना वाजवताना पाहिलं आहे त्यांना नावाचं कारण सांगायला नको. सनई ओठाला लागली की त्यांचे गाल लोहाराच्या भात्यासारखे फुगत, आणि मग सूर तुटतच नसे. श्वास नाकानं घ्यायचे, आणि त्याच वेळी गालात कोंडलेला वारा सनईत सोडायचे. नवखा माणूस त्यांच्या तोंडाकडं बघता बघता स्वतःच धापा टाकायला लागे. ऐन थंडीतही सकाळी ते विहिरीच्या काठावर बसलेले असत, हातात पाण्यानं भरलेला तांब्या आणि एरंडाच्या पानाचा पोकळ देठ. देठानं पाण्यात फुंकत राहायचे. बुडबुडे थांबले की स्वतःलाच शिवी घालायचे आणि पुन्हा सुरू. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "मधी थांबला त्यो सूर न्हवं गड्या, उचकी."

त्या गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मूळचा मी साताऱ्याचा. बदली होऊन सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात गेलो तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडली होती आणि गावानं आपल्याला आपलं म्हणावं याची मला फार भूक होती. ही भूक वरवर निरुपद्रवी दिसते. माझी तशी नव्हती.

तोंडाला तात्या जितके जपत तितकं मी कुणाला जपताना पाहिलं नाही. कडुलिंबाची काडी, मग मिठाचं बोट, मग थंड पाण्याची चूळ, आणि वाजवायच्या दिवशी तिखटाला हात नाही. गालावर बोट ठेवून सांगायचे, "तुमचं रान तिकडं वड्याच्या कडंला. आमचं रान ह्ये हितं." त्यांच्या बायकोनं, काकींनी, मिश्री लावलेली मात्र त्यांना खपत नसे. "आगं, त्या राखुंडीनं दात काळं करून कुनाला दावनार हायीस?" असं ते ओरडले की काकी पाठमोऱ्या घासत घासतच म्हणायच्या, "सोताच्या चंचीतली तंबाकू काय परसाद हाय व्हय?" तात्या मग माझ्याकडं वळून, "मास्तर, ह्या बाईचा सूर बी तुटत न्हाई बघा."

आता भैरोबाच्या पालखीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. यात्रेच्या सकाळी तात्यांची सनई वाजल्याशिवाय पालखी उचलायची नाही, आणि गावाला फेरा घालून, ओढ्यावर देवाला पाणी दाखवून पालखी परत देवळात येईपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही, असा तिथला रिवाज. तात्यांचा मुलगा महादू खालचा एकच सूर धरून शेजारी चालायचा, पण चाल तात्यांची. एका वर्षी तात्या तापानं आडवे झाले आणि बाहेरचे वाजंत्री आणले. ते वाटेत थांबत, पाणी पीत, पुन्हा सुरू करत. त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. दुष्काळात गावानं खडी फोडली, जनावरं छावणीत पाठवली, आणि चावडीवर बसून एकच गोष्ट उगाळली: सूर तुटला होता. मी शिकलेला माणूस. मला ते पटत नव्हतं, पण पटत नाही असं मी कधी बोललोही नाही.

मग दुष्काळ सरला. विहिरींना पाणी आलं, ज्वारी उभी राहिली, आणि गावानं ठरवलं की यंदाची यात्रा दणक्यात करायची. यात्रा कमिटीचा चिटणीस म्हणून माझं नाव पुढं आलं. बाहेरून आलेल्या मास्तराला हा मान मिळतो ही लहान गोष्ट नव्हती. मी फेटासुद्धा बांधायला शिकलो.

यात्रेच्या आठवड्यात तात्या शाळेच्या पायरीवर येऊन बसले. डोक्याला मफलर गुंडाळलेला, उजवा गाल सुजून डोळा बारीक झालेला.

"मास्तर, दाढ. वरची. सनईची पत्ती दातावर टेकली की मस्तकात कळ जातीया."

"कधीपासून?"

"लय दीस झालं, सोसत हुतो. लोहार म्हनतोय, पकडीनं वडतो. आता मला भाता म्हनत्यात म्हनून काय लोहाराकडनं दात काढून घिऊ व्हय?"

हसायला गेले आणि गाल धरून बसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेला रजा टाकली आणि त्यांना एस.टी.नं सांगलीला घेऊन गेलो. गावानं पाहिलं, मास्तर स्वतः घेऊन चाललाय. मला ते हवंच होतं.

दाताचे डॉक्टर पेठेत माडीवर बसत. वयस्कर, सावकाश बोलणारे. दाढ सहज निघाली नाही. तात्यांनी खुर्चीचे हात असे धरले होते की बोटं पांढरी पडली, पण तोंडातून आवाज काढला नाही. शेवटी दाढ आली, मुळं लांब आणि वाकडी. डॉक्टरांनी आरशानं आत बराच वेळ पाहिलं. मग कापसाचा बोळा ठेवून तात्यांना बाहेरच्या बाकावर बसायला पाठवलं आणि मला थांबवलं.

"त्यांना आता बोलता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. "बोळा घट्ट चावून धरायचा. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. जखमेत रक्ताची गुठळी होते, तिच्यावरच सगळं भरून येतं, ती हलवायची नाही. गरम काही नको, तंबाखू नको. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात धरायचं आणि नुसतं सोडून द्यायचं. बाहेरून शेकायचं नाही."

मी मान डोलावत होतो.

"आता महत्त्वाचं. वरच्या दाढेच्या मुळाशी, गालाच्या हाडात एक पोकळी असते, ती नाकात उघडते. मध्ये फक्त पातळ पडदा. यांची मुळं त्याला भिडली होती. पडदा वाचलाय, पण जेमतेम. दोन आठवडे काहीही फुंकायचं नाही. चूलसुद्धा नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. जोर लागला तर पडदा फाटेल, आणि मग तोंडातून नाकात भोक राहतं. पाणी प्यायलं की नाकातून येतं. तसं झालं तर त्याच दिवशी माझ्याकडं आणा, टाके घालून बंद करता येतं. उशीर झाला, आत पू झाला, तर मग अवघड."

आणि हात धुता धुता त्यांनी विचारलं, "काम काय करतात हे?"

मी म्हणालो, "शेती."

इतकं सहज म्हणालो की माझं मलाच नंतर आश्चर्य वाटलं. दारातून मला तात्यांची पाठ दिसत होती. खरं सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तात्यांना परत आत बोलावून समोरासमोर ताकीद दिली असती, आणि तात्यांनी ती पाळली असती. मग पालखी मुकीच निघाली असती, किंवा बाहेरचे वाजंत्री आले असते, आणि पुढं पाऊस कमी पडला असता तर लोक म्हणाले असते, मास्तर चिटणीस होता त्या वर्षी. एवढा सगळा विचार त्या एका शब्दात होता. मी स्वतःशी असंही म्हणालो की डॉक्टर लोक वाढवूनच सांगतात.

परतीच्या एस.टी.त तात्या खिडकीपाशी बसून बोळा चावत होते. फाट्यावर उतरून गावाकडं चालायला लागलो तेव्हा मी त्यांना बोळा काढायला सांगितला आणि डॉक्टरांच्या सूचना एकेक करून सांगितल्या. चूळ, थुंकी, गरम, तंबाखू, मिठाचं पाणी, शेक. सगळ्या सांगितल्या. ते दर सूचनेला थांबून मान हलवत आणि पुढं चालत. शेवटी ते पुरते थांबले.

"आनि फुकायचं, मास्तर? त्येचं काय म्हनलं डाक्टर?"

ऊन कलतं होतं. रस्त्यावर आम्ही दोघंच. त्यांनी हा प्रश्न विचारला नसता तर आज मी म्हणू शकलो असतो की सांगायचं राहून गेलं.

"त्याचं काही बोलले नाहीत," मी म्हणालो.

"मंग झालं," तात्या म्हणाले आणि मोकळेपणानं चालायला लागले.

सूचना पाळाव्यात तर तात्यांनी. तंबाखूची चंची त्यांनी काकींच्या हातात दिली आणि म्हणाले, "मागितली तर मला शिव्या घाल." गार आंबील, ताकभात, तेही डाव्या बाजूनं. थुंकायचं नाही म्हणून सवयीनं थुंकणाऱ्या महादूलाही झापायचे. जो भेटेल त्याला माझं नाव सांगत: "मास्तरनी समदं इचारून घेतलं. असा मानूस न्हाई." विहिरीच्या काठावर मात्र त्या दिवसांत ते गेले नाहीत. जखम हलू नये म्हणून तांब्या आणि देठ त्यांनी आपणहून बाजूला ठेवले. सगळा दम पालखीसाठी राखून ठेवला होता.

यात्रेची सकाळ लख्ख होती. हलगी घुमली, पालखीला खांदे लागले, आणि तात्यांनी सनई ओठाला लावली. गाल फुगले. तो सूर निघाला तेव्हा बायकांनी हात जोडले, आणि मी, फेटा बांधलेला चिटणीस, पालखीच्या पुढं चालत होतो. मारुतीच्या देवळापर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या वळणावर मला आवाजात काहीतरी लागलं. सूर तुटला नव्हता, पण त्याच्या आत कुठंतरी वारा फुसफुसत होता, फुग्याला बारीक छिद्र पडावं तसा. मी मागं पाहिलं. तात्यांचा उजवा गाल पहिल्यासारखा फुगत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. इतकी वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच आतून दगा देतंय, आणि का ते कळत नाही, अशी भीती. आणि माझ्याकडं बघत होते ते.

मी हातानं खूण केली. वाजवा.

ओढ्यावर देवाला पाणी दाखवलं. परत निघालो. त्यांच्या नाकातून रक्ताची धार आली, ओठांवरून सनईवर उतरली. ते थांबले नाहीत. देवळाच्या पायरीशी, पालखी आत जायच्या क्षणी, सनईच्या तोंडातून आवाजाऐवजी नुसता वारा आला, आणि रक्ताचे थेंब पालखीच्या भगव्या पडद्यावर उडाले. महादूचा खालचा सूर तेवढा एकटाच चालू राहिला. मग तोही थांबला.

पुजारी गुरव पुढं आला. त्यानं पालखीचा पडदा काढला आणि घडी घालून बाजूला ठेवला. देव कोपला हे मानायला गावाला एवढं पुरलं.

दोन दिवसांनी मी तात्यांकडं गेलो. ते ओसरीवर बसले होते. मला बघून हसले. "मास्तर, गंमत दावतो," म्हणाले, आणि गार केलेल्या चहाचा घोट घेतला. चहा उजव्या नाकपुडीतून खाली आला. काकींनी पदर तोंडाला लावला. तात्या हसायचे थांबले होते. "ह्ये काय हाय वो?"

हे काय आहे ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. त्याच दिवशी आणा, टाके घालता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. फाट्यावर दुपारची एस.टी. अजून यायची होती. पण सांगलीला गेलो असतो तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता, काय फुंकलंत? आणि तात्यांनी सांगितलं असतं, सनई, मास्तर म्हनलं तुमी त्येचं काय बोलला न्हाई. मी म्हणालो, "जखम ओली आहे अजून. भरून येईल हळूहळू."

एकदा खोटं बोललो ते भीतीनं, असं मी म्हणू शकेन. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

भरून आलं नाही. गालातून घाण वास यायला लागला. सनई ओठाला लावली की वारा नाकाकडं पळायचा. तात्या देवऋषाकडं गेले. त्यानं विचारलं, देवापुढं रक्त सांडलं का? सांडलं होतं. मग बाकीचं त्यानं सांगितलं: देवानं तुझ्या घरचा वारा काढून घेतला, आता या घरात कुणी तोंड लावायचं नाही, लावलं तर पुढच्या पिढीवर जाईल. तात्यांनी सनई लाल कापडात बांधून देवळात नेऊन दिली. त्या दिवशी गावातली चार-पाच माणसं सोबत होती, त्यांत मी होतो. ती तुळईला टांगायला शिडी मीच धरली.

माझी बदली साताऱ्याला झाली. मी ती मागून घेतली होती. काही वर्षांनी तात्या पाहुण्यांकडं साताऱ्याला आले, तेव्हा महादूला घेऊन माझ्या घरी आले. थकले होते. नाकाला सतत रुमाल, आणि पाणी पिताना मान डावीकडं कलती करून बोटानं नाकपुडी दाबायची सवय लागलेली. ते इतक्या सफाईनं करत की आधी लक्षात येत नसे. माझ्या लहान मुलीनं मात्र विचारलं, "आजोबा, असं का पिता?" तात्या म्हणाले, "देवाला घाबरून, बाळ."

बायको आत गेल्यावर मी म्हणालो, "तात्या, इथं चांगले डॉक्टर आहेत. अजूनही काही करता येईल. मी नेतो."

ते समजुतीनं हसले. "तुमी तवा बी नेलं. दाढ काडायचं काम डाक्टरचं हुतं, त्येनं क्येलं. ह्ये काम त्येचं न्हाई. देवानं घेतल्यालं डाक्टर कसं देनार?"

"देवाचं नसेल तर?"

"मंग कुनाचं?"

महादू भिंतीला टेकून ऐकत होता. तात्या उत्तराची वाट बघत होते, अगदी सरळ, रस्त्यावर थांबून विचारलं होतं तसंच. माझ्याकडं उत्तर होतं. ते ऐकून कदाचित ते डॉक्टरकडं आले असते, कदाचित नसतेही. आधी कदाचित त्यांनी माझ्या घरचं पाणी सोडलं असतं. मी म्हणालो, "नाही, आपलं म्हणून बोललो."

एस.टी. स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. गाडीत चढताना त्यांनी माझा हात धरला. "तुमी लय केलं मास्तर आमच्यासाटी." आणि रुमाल नाकाला लावून खिडकीपाशी बसले. ती शेवटची भेट.

ते गेल्याचं कळल्यावर मी गावाला गेलो. महादू आता कारखान्याच्या उसाच्या गाडीवर होता. दारात बसलो. काकी फार थकल्या होत्या, पण ओळखलं त्यांनी. महादूच्या धाकट्याचा आवाज आत कुठंतरी येत होता, काहीतरी गुणगुणत होता, आणि सूर चांगला होता. मी महादूला म्हणालो, "आजोबांचं घेतलंय पोरानं."

महादू उठून आत डोकावला. "ए, गप रं." मग बाहेर येऊन म्हणाला, "गाऊ द्याचं म्हनतो मी, पर आयला भ्या वाटतंय. यात्रंत पोरानं पिपानी घेतली, चार आन्याची, तर आयनं चुलीत घातली. पोरगं दोन दीस जेवलं न्हाई. काय करनार? घरावर हाय ते हाय. आमच्या हातनं पुना काय नको हुयाला."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"तात्यांचा हुता," महादू म्हणाला. "तात्या खोटं बोलत न्हवतं."

काकी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी चहा घेतला. देवळाकडं न जाता तसाच फाट्यावर आलो आणि साताऱ्याची गाडी पकडली.

गेल्या महिन्यात माझी स्वतःची दाढ काढली. वरची नव्हे, खालची. दंतवैद्य तरुण मुलगी होती. माझ्या तोंडात बोळा होता म्हणून तिनं सगळ्या सूचना माझ्या बायकोला सांगितल्या. बायकोनं त्या घरी येऊन मला एकही न गाळता सांगितल्या. मी ऐकत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. बोळा काढला. मग कागद घेतला.

लिहून काही फिटत नाही, हे मला कळतं. महादूला वाचायचा नाद नाही आणि हे त्याच्यापर्यंत पोचणार नाही. तात्यांचं जे घेतलं ते आता कुणालाच परत देता येत नाही. पण त्यांच्या घरावर कसलाही कोप नाही, पोरानं खुशाल वाजवावं, आणि डॉक्टर फुंकू नका म्हणाले होते ते मी दाबलं, हे काकी आहेत तोवर महादूच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडाकडं बघत सांगणं मी अजून देणं लागतो.